उस्मानचाचांची पंचावन्न मिनिटं

ठकू जायच्या आदल्या दिवशी शुद्धीवर आली आणि मला म्हणाली, "अहो, चिठ्ठी दिली का चाचांना?"

सुनेला वाटलं, म्हातारी तापात बरळते. लेकाला वाटलं, कुणाची तरी लग्नपत्रिका द्यायची राहिली असेल. मी म्हणालो, "दिली." मग ती गप पडली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत गेली.

त्याला तीन महिने झाले. घरात कुणाला ठाऊक नाही हे चाचा कोण. पन्नासाच्या वर वर्षं झाली, ठकूनं आणि मी ते नाव तिसऱ्या माणसापुढं कधी काढलं नाही. तिच्यासाठीच गप बसायचं होतं. आता ती नाही, तर गप बसून काय करू? 

आधीच सांगून टाकतो. उस्मानचाचांच्या हातनं एकदा वेळ चुकली. एकोणचाळीस मिनिटं. त्यात एक जवान माणूस मेला. नाशकात जुनी माणसं होती तोवर चाचांचं नाव तेवढ्यासाठीच निघायचं. "तो घड्याळवाला, ज्यानं विमान पाडलं." मी ऐकून घ्यायचो आणि उठून जायचो. भांडायचं धाडस नव्हतं, कारण भांडलो असतो तर खरं सांगावं लागलं असतं.

हे दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचं, इंग्रज असतानाचं. नाशिक रोड स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर एक माळ होता. नुसती कुसळं आणि दगड. मुंबईच्या एका कंपनीनं तो घेतला, दगड वेचून काढले, मधोमध चुन्याचं मोठं गोल रिंगण काढलं, वारा कळावा म्हणून एका खांबाला कापडाची लांब पिशवी टांगली, आणि झालं विमानाचं मैदान. पावसाळा सरला की आठवड्यातनं दोनदा मुंबईच्या जुहूहून एक लहानसं विमान यायचं. डाक घेऊन यायचं, कधी एखादा शेठ, कधी नुसतीच डाक. मैदानावर माणसं दोन. मी गुरं हाकायला आणि गवत कापायला. आणि उस्मानचाचा वेळ बघायला. मी आणि ठकू मैदानाच्या कडेला झोपडीत राहायचो, चाचा गावातनं, कथड्याकडनं, चालत यायचे.

वेळ बघायला पगार मिळतो हेच मला आधी खरं वाटलं नव्हतं. पण चाचांचा तोच धंदा होता. नाशिक गाव ते स्टेशन अशी पूर्वी ट्राम चालायची. आधी जनावरं ओढायची, पुढं इंजिन आलं. चाचा तिथं टाइमकीपर होते, वीस-बावीस वर्षं. मोटारी आल्या आणि ट्राम बंद पडली. लोक म्हणायचे, ट्राम लय सावकाश होती. चाचांना ते झोंबायचं. "ट्राम एक दिवस उशिरा आली असेल तर दाखव," म्हणायचे. "ट्राम वेळेवरच होती. लोकांनाच घाई सुटली."

उंच, वाळकी काठी. दाढीला मेंदी. अंगात ट्रामचा जुना काळा कोट, त्याची पितळी बटणं दोन पडलेली, तिथं चाचींनी शिंपल्याची पांढरी बटणं लावून दिलेली. खिशात घड्याळ. ते घड्याळ त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलं नाही. कुणी वेळ विचारली तर पटकन सांगायचे नाहीत. काढायचे, बघायचे, परत बघायचे, मग म्हणायचे, "आठ वाजून बावीस." मी एकदा म्हणालो, "म्हणजे साडेआठ होत आले." तर माझ्यावर खेकसले. "होत आले म्हणजे काय? आले की नाही आले? तुझं लगीन होत आलं की झालं?"

दर सोमवारी ते स्टेशनावर जायचे, तिथल्या मोठ्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायला. स्टेशनमास्तर थट्टा करायचा. "काय उस्मान, आमचं घड्याळ बरोबर आहे ना?" चाचा वर बघून म्हणायचे, "आज आहे."

त्यांच्या त्या सगळ्या घड्याळाच्या वेडात एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. त्यांना घड्याळ सोडून दुसऱ्या कशावरच भरवसा नव्हता. सूर्यावर नाही, कोंबड्यावर नाही, माणसाच्या तोंडावर तर अजिबात नाही. ट्रामवर वीस वर्षं लोकांनी त्यांना सांगितलं होतं, "अहो, आताच तर निघाली." घड्याळानं कधी असं सांगितलं नव्हतं.

विमान मुंबईहून नाशकाला किती वेळात येतं हे कंपनीनं त्यांना कागदावर लिहून दिलं होतं, तासभर. चाचांनी तो कागद घडी करून ठेवून दिला आणि आपलं आपण मोजायला लागले. एक वही केली. विमान निघालं किती वाजता, उतरलं किती वाजता, पिशवी कुठल्या दिशेला उडत होती, सगळं त्यात. हिवाळाभर मोजून ते म्हणाले, "पंचावन्न मिनिटं. समुद्राचा वारा पाठीवर असला तर पन्नास. जाताना तोच वारा तोंडावर येतो, मग पासष्ट." एकदा ठकूला समजावत होते, "बेटी, येताना उतार, जाताना चढ. असं समज."

ठकूनं भाकरी थापता थापता मान वर केली. "चाचा, मुंबई खाली हाय ना? घाट उतरून जावं लागतं. मग जाताना उतार झाला की."

चाचा हसायला लागले. एवढं हसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. "सखाराम, ही बाई टाइमकीपर पाहिजे होती. तू भाकरी थाप."

लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी होता, केसूशेठ. नवी मोटार, नवी टोपी, आता विमानात बसायचं म्हणून हौसेनं आला. विमानात माणूस चढवायच्या आधी त्याचं वजन करावं लागायचं. काटा लासलगावच्याच बाजारातनं आणलेला होता, शेठनं तो लगेच ओळखला आणि बिथरला.

"मी काय कांदा हाय का रे, काट्यावर बसायला?"

"कांदा बरा असतो शेठ," चाचा म्हणाले. "जास्त झाला तर पोत्यातनं काढता येतो. तुमच्यातनं काय काढू?"

शेठ काट्यावर बसला खरा, पण चिडला. म्हणाला, "मुंबई इथनं किती?"

"अठ्ठ्याऐंशी मैल."

"खोटं बोलतो. रेल्वेनं एकशे सतरा हाय. मी काय कालपासनं जातोय? मधले एकोणतीस मैल काय तुझ्या बापानं खाल्ले?"

"बापानं नाही शेठ. घाटानं."

आणि ते खाली मातीत बसले. काडीनं नाशिक काढलं, मुंबई काढली, रेल्वे कशी इगतपुरीला जाते, घाट कशी वळसे घेत उतरते, कल्याणकडनं कशी येते, ते सगळं काढलं. मग दोन्ही गावांच्या मधे एक सुतळी सरळ ताणली. शेठनं सुतळीवरनं बोट फिरवलं. "म्हंजे दोन गावांत अंतर दोन असतंय म्हणा." चाचा म्हणाले, "वाटेवर आहे." शेठला पटलं, पण विमानाचं इंजिन सुरू झालं आणि पंख थरथरायला लागले तेव्हा त्याचं धाडस गेलं. म्हणाला, "मी आपला एकशे सतरा मैलांनीच जातो." ते विमान सोलीसाहेब चालवायचे, ते एवढे हसले की चष्मा डोळ्यावरनं खाली पडला.

सोलीसाहेब पारशी. पंचविशीचं पोर म्हणावं असं, पण विमानात बसलं की एकदम मोठं दिसायचं. उतरले की पहिलं ओरडायचे, "उस्मान, किती?" चाचा म्हणायचे, "त्रेपन्न." "माझ्या घड्याळात बावन्न." "तुमचं घड्याळ हवेत हलत होतं साहेब, माझं जमिनीवर उभं होतं." दर खेपेला हेच. मग साहेब पंखाच्या सावलीत बसून ठकूची बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायचे, डोळ्यांतनं पाणी काढत. चाचांना मुलगा नव्हता. दोन मुली, दोघी नांदायला गेलेल्या. साहेब जेवत असताना चाचा कडेला उभे राहायचे आणि तेवढा वेळ घड्याळ काढायचे नाहीत.

आता धुराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. थंडीत नाशकावर सकाळी धुकं पडतं. नदीवरनं उठतं आणि माळ भरून टाकतं. वरनं बघणाऱ्याला खाली कापूस पसरलेला दिसतो, मैदान कुठं, झाडं कुठं, काही कळत नाही. त्यासाठी आम्ही ओलं गवत, शेण्या आणि जळकं तेल यांचा ढीग रचून ठेवायचो. विमान यायच्या दहा मिनिटं आधी चाचा तो पेटवायचे. काळा धूर धुकं फोडून सरळ वर जायचा. तो धूर बघून साहेब उतरायचे. ढीग पाऊण तासाचा नसायचा, विसेक मिनिटं पुरायचा. लवकर पेटवला तर विमान येईस्तोवर विझणार, उशिरा पेटवला तर काय होणार ते सांगायला नकोच. म्हणून चाचांच्या घड्याळाला पगार होता.

आणि त्यात मुंबईची वेळ होती. आताच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात, पण खरं आहे. रेल्वेची वेळ साऱ्या देशाला एक होती, तीच नाशकाची. पण मुंबई शहरानं आपली जुनी वेळ सोडली नव्हती. मुंबईचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. विमान निघायच्या आदल्या संध्याकाळी मुंबईहून तार यायची, उद्या अमुक वाजता निघणार. तिथला कारकून तारेत मुंबईची वेळ घालायचा. चाचा तार हातात घेतली की आधी मोठ्यानं म्हणायचे, "एकोणचाळीस मिळवा." मग पंचावन्न मिळवायचे. झोपडीत बसून ठकूसुद्धा बरोबर म्हणायची. आमच्याकडं ते आरतीसारखं झालं होतं.

त्या वर्षी फाल्गुनाच्या सुमारास चाचांची बकरी ईद आली. ते तीन दिवस आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोस्टमन मैदानावर कंपनीची चिठ्ठी टाकून गेला. मी लांब गुरांमागं होतो. ठकूनं ती घेतली. चिठ्ठी इंग्रजीत, बंद. ठकूला अक्षर येत नव्हतं, मला यायचं ते मराठीच, चार यत्तांचं, तेवढंच. पण चाचांनी तिला शिकवून ठेवलं होतं, कंपनीचा कागद म्हणजे जपायचा, ओला होता कामा नये, उंदरानं कुरतडता कामा नये. आमच्या झोपडीत उंदीर लय. तिनं काय केलं, आपली पत्र्याची पेटी उघडली आणि लग्नाच्या शालूच्या घडीत ती चिठ्ठी ठेवली. तिच्याकडं त्याहून जपायची जागा नव्हती.

मी परत यायच्या आधी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. बाप माडीवरनं पडला होता, शुद्ध नव्हती. मी पोचलो तर ती डोळ्याला पदर लावून गाडीत बसलेली, पेटी पायाशी. माहेर निफाडच्या पलीकडं. मला एवढंच म्हणाली, "भाकरी टोपल्यात हायेत." चिठ्ठीचं तिला आठवलं नाही. कुणाला आठवलं असतं?

चाचा ईद करून आले. बुधवारी संध्याकाळी तार आली. उद्या सकाळी सात-दहा. चाचा म्हणाले, "एकोणचाळीस मिळवा." ठकू नव्हती, मीच म्हणालो. सात-एकोणपन्नास. त्यात पंचावन्न, आठ-चव्वेचाळीस. ढीग पेटवायचा आठ-चौतीसला. चाचांनी ते खडूनं झोपडीच्या दारावर लिहिलं.

गुरुवारी धुकं असं की माझा हात मला दिसेना. आम्ही ढिगापाशी उभे. आठ वाजून गेले. आणि वर आवाज आला.

मी म्हणालो, "चाचा, आलं."

त्यांनी घड्याळ काढलं. "आठ-चार. आपलं अजून चाळीस मिनिटं लांब आहे."

"आवाज सोलीसाहेबाचा हाय, चाचा."

"लष्कराचं असेल. देवळालीवरनं जातात."

"चाचा, हे आपलंच. मला कळतंय."

"तुला काय कळतं? साहेब काय मुंबईहून पंधरा मिनिटांत येतील?"

आवाज आमच्या डोक्यावरनं गेला, लांब गेला, वळून परत आला. मी चाचांकडं बघितलं. त्यांचं तोंड वर होतं, पण डोळे खाली, घड्याळावर. आवाज दुसऱ्यांदा आला, खाली, एवढा खाली की धुकं हललं. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. ते ढिगाकडं धावले. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. दवानं गवत चिंब झालेलं. तेल ओतलं, तिसरी, चौथी. मी झोपडीतनं चुलीतले निखारे फावड्यावर घेऊन पळत आलो. धूर धरला तेव्हा वर आवाज नव्हता. पश्चिमेकडं गेला होता, त्र्यंबकच्या बाजूला, बारीक होत.

काळा धूर सरळ वर गेला. चांगला जाड. चाचा त्याच्याशेजारी उभे राहिले, ढीग विझेस्तोवर. मग आठ-चव्वेचाळीस झाले. नऊ झाले. धुकं वर गेलं, ऊन पडलं, माळ स्वच्छ दिसायला लागला. मैदानावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या ठाकर लोकांनी विमान कड्यावर आपटल्याची खबर आणली. लोक म्हणाले, साहेब रेल्वेची लाइन शोधत होता, भलत्याच बाजूला गेला, धुक्यात कडा दिसला नाही. साहेब एकटाच होता. डाक सगळी डोंगरभर उडाली होती, ठाकरांच्या पोरांनी ती गोळा करून आणून दिली.

ठकू दहाव्या दिवशी परत आली. बाप वाचला होता, ती आनंदात होती. मी तिला साहेबाचं सांगितलं. ती खाली बसून रडली. मग एकदम उठली, पेटी उघडली आणि शालूतनं चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिला काही माहीत नव्हतं त्यात काय आहे. पण आताच चाचांकडं चला म्हणाली. बायकांना आधी कळतं.

आम्ही दोघं कथड्याला गेलो, चाचांच्या घरी. ते दारात बसले होते. चाचींनी ठकूला आत बोलावलं, ती गेली नाही. चाचांनी चिठ्ठी फोडली, वाचली. परत वाचली. मी म्हणालो, "काय लिहिलंय?"

"इथनं पुढं तारेत रेल्वेचीच वेळ घालू, असं लिहिलंय. एकोणचाळीस मिळवू नका."

ठकूनं त्यांचे पाय धरले. असं ओरडली की गल्लीतली माणसं बाहेर आली. चाचांनी तिला उठवलं आणि आत नेलं, दार लावलं.

"बेटी, ऐक," ते म्हणाले. "चिठ्ठी माझ्या हातात आली होती. मी वाचली आणि विसरलो. साहेबलोक चौकशीला येतील तेव्हा मी हेच सांगणार आहे."

"खोटं कशापायी बोलता चाचा? मी सांगते. मला जाऊ द्या जेलात."

"तुला जेलात टाकून सोली परत येतो का?"

"पण चूक माझी हाय."

"तुझी कुठली? तू तर जपून ठेवलीस." मग म्हणाले, "सखाराम सांगत होता, आपलं आहे म्हणून. माझ्या कानानंही ऐकलं. पाच महिने तो आवाज ऐकला होता मी. त्याला चिठ्ठी कशाला पाहिजे होती?"

चौकशी झाली. चाचांनी तेच सांगितलं. चौकशीवाल्या साहेबानं लिहून घेतलं, खाली सही घेतली. मी तिथं उभा होतो. मला विचारलं, तुला काही सांगायचंय? मी म्हणालो, नाही. हे मी आज लिहितो, पण ते 'नाही' मी तेव्हा म्हणालो आणि मला त्याची लाज आजही आहे. बायको पोटुशी होती. पोटुशी नसती तरी मी काही वेगळं बोललो असतो असं नाही.

चाचांना काढून टाकलं. उन्हाळ्यात विमानही बंद झालं. मी स्टेशनावर हमाली धरली. गावात चाचांना पोरं मागनं ओरडायची, "घड्याळवाले, किती वाजले?" त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. ठकूनं त्या दिवसापासनं जन्मात परत कुणाचा कागद हातात घेतला नाही. पोस्टमन आला की आत जायची. रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले, सगळं मीच सांभाळलं. पोरांना वाटायचं आईला वाचता येत नाही म्हणून लाजते.

पावसाळा संपल्यावर साहेबाची आई मुंबईहून आली. पोरगा जिथं पडला ती जागा तिला बघायची होती. वाट दाखवायला कंपनीनं मला बोलावलं. मी ठकूला सांगितलं. ती म्हणाली, "चाचांना सांगा. तुम्ही नाय सांगितलं तर मी सांगते." मी जाऊन सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार त्र्यंबकच्या वाटेला लागली तेव्हा चाचा रस्त्यात उभे होते.

बाई साठीची, पांढरं लुगडं, गोरी, एवढीशी. मोटार पायथ्याशी ठेवून आम्ही चढलो. चढ लय नाही, पण ती दर दहा पावलांनी थांबायची. चाचा तिच्या एक पाऊल खाली चालायचे, घसरली तर धरायला. वर कड्यापाशी गवत हिरवंगार उगवलं होतं. पत्र्याचे चार तुकडे राहिले होते, बाकी ठाकरांनी नेलं होतं. ती एका दगडावर बसली. मी पाण्याची कळशी घेऊन लांब उभा राहिलो, पण ऐकू येत होतं.

"तू उस्मान?" ती म्हणाली. तिचं मराठी मोडकं होतं.

"हो बाई."

"त्या दिवशी सोली तुझ्या वर आला होता? तू ऐकला?"

"ऐकला."

"किती वेळ?"

"दोन घिरट्या. सहा-सात मिनिटं."

"मग तू काय केला?"

मला वाटलं, चाचा आता चिठ्ठीचं सांगतील. विसरलो म्हणतील, चौकशीत सांगितलं तसं. ते तिच्यापुढं खाली गवतात बसले.

"काही नाही केलं बाई. माझी वेळ झाली नव्हती म्हणून मी थांबलो. तो वर फिरत होता आणि मी घड्याळ बघत होतो."

बाईनं त्यांच्याकडं बघितलं. ती मारेल असं मला वाटलं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं, त्यांनाही तेच पाहिजे होतं. ती म्हणाली, "धुकं असला की मी सोलीला म्हणायची, आज नको जाऊ. तर तो म्हणायचा, मम्मा, खाली उस्मान आहे."

चाचांनी मान खाली घातली ती वर केली नाही.

उतरताना तिनं त्यांच्या हाताला धरलं. घसरत होती म्हणून धरलं असेल. पायथ्याशी ड्रायव्हरनं दार उघडलं. ती आत बसली, सरकली आणि बाजूची जागा रिकामी ठेवली. दार धरून ठेव असं ड्रायव्हरला हातानं खुणावलं. चाचांनी नाही म्हणून मान हलवली.

"उस्मान, गाव लांब आहे," ती म्हणाली.

"जाईन बाई."

मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. मी म्हणालो, "चाचा, चला ना. दहा मैल हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मोटार निघाली, थोडा वेळ त्यांच्याशेजारून हळू चालली. बाईनं काच खाली करून परत काहीतरी म्हटलं. ते चालत राहिले. मग तिनं काच वर केली आणि मोटार पुढं गेली.

पुढच्या वर्षी चाचा वारले. मला महिन्यानं कळलं. मातीला जायचं राहिलं.

म्हणून माझ्याकडं त्यांचं शेवटचं म्हणून आहे ते एवढंच. वळणावर मी मागं बघितलं. धूळ खाली बसत होती. चाचा चालायचे थांबले होते. रस्त्याच्या मधोमध, डोंगराकडं तोंड करून, एक हात कानामागं धरून उभे होते. आभाळ मोकळं होतं. वर काही नव्हतं.